उघडं राहणारं पुस्तक

३ फेब्रुवारी, संध्याकाळ. खाणीवर.
विमानात डोळा लागला नाही. कारण लिनेट. काल मी बॅग भरत होतो तर दारात उभी राहून म्हणाली, ग्लेन, हे असं फार दिवस चालायचं नाही. दोन आठवडे तू खाणीवर, एक आठवडा घरी. त्यात दोन दिवस झोपा काढतोस, मग बिअरचा कॅन घेऊन शेडमध्ये जाऊन बसतोस, आणि जरा माणसात आलास की बॅग भरायला घेतोस. मला संध्याकाळी शेजारी बसायला माणूस हवंय. तिच्या बहिणीच्या नवऱ्याने बनबरीच्या बंदरावर माझ्यासाठी शब्द टाकलाय. क्रेनचंच काम, रोज पाचला घरी. मार्चअखेर साहेबाला भेटायचं. विचार कर, म्हणाली. मी मनापासून सांगतेय.

विचार केला. खिडकीतून खाली बघत सबंध प्रवासभर केला. बायकोचं बोलणं नीट ऐकलं तर उत्तर त्यातच असतं, पण ऐकतो कोण? मी ऐकतो. मुद्दे दोनच: संध्याकाळ आणि बिअर. म्हणजे तिला संध्याकाळी बिअरपेक्षा बरं काहीतरी हवंय. म्हणजेच कॉकटेल. घरी व्यवस्थित बार करायचा, दोघांनी बसायचं. बंदरावर पगार निम्मा. त्या पगारात बार कसा होणार? तेव्हा बंदर बाद.

संकल्प: आधी पुस्तक. चांगलं पुस्तक निवडल्याशिवाय एकही बाटली आणायची नाही. बाकीचे लोक इथेच फसतात.

५ फेब्रुवारी.
पुस्तक पहिलं, विमानतळावर घेतलेलं. एक हजार कॉकटेल. पायावर पडलं तर अपघाताची नोंद करावी लागेल एवढं जाड. पहिल्याच कृतीला सात बाटल्या, त्यातली एक म्हणे मठातले साधू बनवतात. इथे पिलबराच्या खाणीतल्या लाल धुळीत साधू कुठून आणू?

इथे चव घेऊन बघण्याची सोय नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी नळीत फुंकायचं, दारूचा अंश जरी निघाला तरी पुढच्या विमानाने घरी. म्हणून सराव पाण्यावर. प्रोटीन पावडरचा डबा हाच शेकर, बर्फ मेसच्या मशीनमधला. शेजारच्या खोलीतला सेमिसी परीक्षक. सेमिसी टोंगाचा, डंपर चालवतो, चर्चमुळे आयुष्यात दारूला शिवलेला नाही. त्यामुळे जीभ स्वच्छ. एक घोट घेऊन म्हणाला, भाऊ, पाणी छान गार आहे. सुरुवात चांगली झाली.

९ फेब्रुवारी.
लिनेटला फोन. कॉकटेलची नावं वाचून दाखवली, चांगली वीसेक. ती म्हणाली, बंदराचं काय ठरवलंस? मी म्हटलं, धीर धर, काम सुरू झालंय. कसलं काम? म्हटलं, सरप्राइज आहे. तिने लगेच फोन ठेवला. तिला पहिल्यापासून सरप्राइज आवडतात.

१९ फेब्रुवारी. घरी.
झोप झाली. शेडमध्ये बारच्या काउंटरला हात घातला. जॅरा लाकडाचे जुने रेल्वे स्लीपर मिळाले, एकेक उचलताना कंबर मोडते. लिनेट दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा विचारलं, मला काही मदत करता येईल का? म्हटलं, अजिबात नको, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय.

२३ फेब्रुवारी. घरी.
उद्या परत. काउंटर अर्धा झाला. आज संध्याकाळी लिनेटने मागच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या, चीज आणि बिस्किटं आणली आणि हाक मारली. मी म्हटलं, दहाच मिनिटं. पॉलिश ओलं होतं, सोडता येईना. बाहेर आलो तर खुर्च्या आत आणि ती झोपायला गेलेली. हल्ली लवकर दमते. बार तयार झाला की जरा उत्साह येईल.

२७ फेब्रुवारी. खाणीवर.
पुस्तक दुसरं. महिन्यांप्रमाणे मांडणी, प्रत्येक महिन्याला त्याचं ड्रिंक. कल्पना मला फार आवडली. शिस्त आहे. फेब्रुवारीचं पान उघडलं: उकळत्या रममध्ये लोणी, लवंग, दालचिनी, बाहेर बर्फ पडत असताना शेकोटीशी बसून प्यावं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तरी नियम म्हणजे नियम. गरम पाण्यात मेसमधलं लोणी घालून दोघांनी घेतलं. सेमिसीच्या कपाळावरून घाम गळून कपात पडला. तो म्हणाला, भाऊ, हे पुस्तक लिहिणारा पृथ्वीच्या त्या टोकाला राहत असणार, त्याचा फेब्रुवारी म्हणजे आपला ऑगस्ट. हे मला माहीत होतंच. मी फक्त खात्री करत होतो.

८ मार्च.
पुस्तक तिसरं, अमेरिकन. सगळी मापं औंसात, आणि मध्येच टेबलस्पून. आता आमच्या ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून इतरांपेक्षा मोठा. हे ध्यानात न घेता कोणी लिंबाचा रस घातला तर तोंड वाकडं होणार. किती संसार अशा चुकीने मोडले असतील.

चांगल्या पुस्तकाची लक्षणं आता माझी पाठ झाली आहेत. मापं मिलिलिटरमध्ये हवीत. बाटल्या मोजक्याच, आणि घरात जी बाटली असेल तिच्यावरून कृती सापडली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे काउंटरवर ठेवलं की पुस्तक आपलं आपण उघडं राहिलं पाहिजे. दोन्ही हात शेकरमध्ये अडकलेले असताना पान मिटलं तर माणसाने काय नाकाने उघडायचं? सेमिसीला हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आणि वहिनीला काय आवडतं? म्हटलं, तेच तर पुस्तकात शोधतोय.

फोनवर लिनेट मजेत वाटली. मंगळवारी एका ग्रुपबरोबर समुद्रावर चालायला जाते म्हणे. दोनदा हसली. बारची चाहूल लागली असणार.

१४ मार्च. घरी.
सापडलं! बीचवरच्या जीवरक्षक क्लबाच्या बाजारात, जुन्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी. क्लबातल्या बायकांनी मिळून काढलेलं, तारेच्या बांधणीचं, पातळसं. टेबलावर ठेवलं तर पोळीसारखं सपाट पडलं. मापं मिलीत. तीन बाटल्यांत निम्मं पुस्तक होतं. माझी सगळी लक्षणं जुळली. खरं तर ते लिनेटने उचललं आणि माझ्या हातात दिलं, पण पारख माझी.

घरी येताना गाडीत ती ते चाळत बसली. जिन, लिंबू, पॅशनफ्रूट असं एक पान काढून म्हणाली, अरे, लिंबाचं झाड आपल्या दारात, पॅशनफ्रूटचा वेल कुंपणावर, फळं पडून वाया चाललीत. वाटेत जिनची बाटली घेऊ आणि आजच करू की. व्हरांड्यात बसू. किती दिवसांनी माझ्या दंडाला हात लावून बोलत होती.

मोह झाला. पण मी घाईत शेण खाणारा माणूस नाही. म्हटलं, आज नको. फ्रिज नाही, ग्लास नाहीत, काउंटरला शेवटचा हात द्यायचाय. पहिलं ड्रिंक आयुष्यभर लक्षात राहतं, ते असं घाईगर्दीत करायचं का? पुढच्या वेळी दणक्यात करू. ती बरं म्हणाली आणि पुस्तक मिटून मागच्या सीटवर ठेवलं. पटलं तिला.

१८ मार्च. खाणीवर.
मुकादमाने विचारलं, ही पाळी एक आठवडा वाढवून कोण करेल? मी हात वर केला. काचेच्या दाराचा, आत निळा दिवा असलेला बारचा फ्रिज एका आठवड्याच्या जादा पगारात निघतो. अडचण एवढीच की बंदराच्या साहेबाची भेट त्याच आठवड्यात लिनेटने ठरवून ठेवली होती. दुपारच्या सुट्टीत फोन करून सांगितलं. वाटलं, आता ऐकावं लागणार.

काही नाही. ती म्हणाली, ठीक आहे, ग्लेन. बस एवढंच. मी कारण सांगायला लागलो तर म्हणाली, कारण नको, मला समजलं. एकोणीस वर्षांच्या संसारात इतक्या समजूतदारपणे ती कधी बोलली नव्हती. मोठी मजल मारली म्हणायची आम्ही.

२९ मार्च.
सेमिसीने राजीनामा दिला. पर्थला शाळेची बस चालवणार. बायकोने एकदा म्हटलं, घरी ये, आणि याने त्याच दिवशी अर्ज टाकला. एकदा म्हटलं म्हणून! मी त्याला म्हटलं, अरे, बायको बोलते त्याचा अर्थ लावायला शिक. तो म्हणाला, भाऊ, ती घरी ये म्हणाली. त्याचा अर्थ घरी ये. महत्त्वाकांक्षा नसली की असं होतं. माणूस मात्र लाख मोलाचा. एप्रिलच्या मध्यावर जाईल.

पाण्यावर पॅशनफ्रूटच्या ड्रिंकचा सराव चालू. मनगट बसलंय आता. पुस्तकाकडे बघावंही लागत नाही.

७ एप्रिल. घरी.
लिनेट विमानतळावर आली नाही. बहिणीकडे काम होतं. टॅक्सीने आलो. फ्रिज आलाय. निळा दिवा लागतो.

८ एप्रिल.
आज उद्घाटन. शेड झाडली, काउंटर पुसला, पुस्तक उघडं ठेवलं. ते राहिलं. लिनेटला बोलावलं. ती चांगले कपडे घालून आली, स्टुलावर बसली, काउंटरवरून हात फिरवला आणि म्हणाली, सुंदर केलंयस. तिचे डोळे भरून आले होते. मी मनात म्हटलं, जिंकलं.

दारातली लिंबं पिळली. वेलावरची पॅशनफ्रूट कापून गर घेतला. जिन मोजून घातली, शेकर हलवला, थंडगार ग्लासात गाळलं. तिने एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. म्हणाली, ग्लेन, फार छान झालंय. खरंच. इतकं छान मी कुठे प्यायले नाहीये.

मग म्हणाली की तिने बसल्टनला, बहिणीच्या घराजवळ, एक जागा भाड्याने घेतली आहे. मार्चमध्येच घेतली. आवाज चढवला नाही. दुसरं कोणी नाही, म्हणाली, तसं काही मनात आणू नकोस. इथे एकटी राहून कंटाळले, तर निदान जिथे एकटी आहे असं म्हणता येईल तिथे एकटी राहते.

मी म्हटलं, पण हे सगळं तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, माहीत आहे रे. म्हणून तर सांगायला इतके दिवस लागले. मी म्हटलं, बंदरावर उद्याच जातो. ती म्हणाली, ती जागा भरली. आणि नसती भरली तरी आता नको. तू तिथे जाऊन माझ्यावर उपकार केल्यासारखा बसशील आणि मी ते बघत बसेन.

माझ्या तोंडून काय निघावं? दुसरं करू का, असं विचारलं. ती नको म्हणाली. पण हातातलं सगळं संपवलं. घाई केली नाही. मी समोर उभाच होतो, काउंटरच्या आतल्या बाजूला. तिच्या शेजारी दुसरं स्टूल रिकामं होतं आणि तिकडे जाऊन बसावं हे मला ती उठून गेल्यावर सुचलं. मग मी तिथे बसलो आणि रडलो. लहान पोरासारखा रडलो.

११ एप्रिल. घरी.
संकल्प: काही नाही.
लिनेट खोकी भरतेय. भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला मी बसलो. दोघं जमिनीवर बसून दुपारभर गुंडाळत होतो. कोणता कप कुठून आणला यावर बोललो, हसलोही. इतका वेळ शेजारी आम्ही कधी बसलो होतो, आठवेना. तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, ग्लेन, प्लीज.

१६ एप्रिल. खाणीवर.
सामानाची गाडी आज येणार. आजचाच दिवस का, असं मी विचारलं होतं. लिनेट म्हणाली, तू खाणीवर असतानाच बरं. तुझी सुट्टी आधीच थोडी, ती यात कशाला घालवायची.

सेमिसीचा शेवटचा दिवस. जाताना मिठी मारून विचारलं, वहिनीला आवडलं का ड्रिंक? म्हटलं, हो, पूर्ण ग्लास संपवला. तो इतका खूश झाला की पुढचं मी काही सांगितलं नाही.

नाश्त्याच्या सुट्टीत फोन हातात घेतला. जड सामान उचलायला कोणी आहे का, एवढंच लिनेटला विचारायचं होतं. नंबर लावला आणि लक्षात आलं की इतकी वर्षं मी इथे असताना घरात जड काही उचलायचं झालं तर ती काय करायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं. फोन ठेवला आणि कामावर गेलो.