तीन मुलांचं कोर्ट

दारव्हा,
१४ डिसेंबर २०२४

चि. सुरभीस,

अनेक आशीर्वाद. मावशीचा गुडघा आता बरा असेल. इकडे आम्ही ठीक. तुझे बाबा तुरीच्या शेंगा सोलत बसलेत आणि मी काय लिहितेय म्हणून मधूनच डोकावतात. दिवाळीला तू आली नाहीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तराची सक्ती नाही. पण वाच.

सोमवारी शाळेत माझ्यावर खटला चालला. हसू नकोस! नागरिकशास्त्र शिकवताना मी आठवीच्या वर्गातच सरकार बसवलं होतं. नियम करणारे वेगळे, ते राबवणारे मंत्री वेगळे आणि तीन मुलांचं कोर्ट वेगळं. सगळी सत्ता एकाच्या हातात नको, हे घसा कोरडा होईस्तोवर मीच सांगितलं. आणि मग मीच नियम केला, परिपाठाला उशीर झाला की मंत्रिपद गेलं. दुसऱ्याच दिवशी पाणीमंत्री दीपा उशिरा आली. फाटकातच तिला वाट्टेल तसं बोलले आणि पद काढून घेतलं. पोरीने शाळेत येणंच सोडलं.

चौथ्या दिवशी कोर्टातली सलोनी माझ्यापुढे उभी राहिली. एवढीशी पोर, पण आवाज खणखणीत.

"मॅडम, नियम तुमीच केला, पकडलं तुमीच, शिक्षाबी तुमीच देल्ली. मंग आमी कायले हाओत? दीपाले एकदा तरी इचारलं का, काहून उशीर झाला?"

विचारलं नव्हतं. शाळेचा हातपंप बिघडलेला आणि परिपाठाआधी टाकी भरायची, हा हुकूमही माझाच. ती बिचारी पलीकडच्या वस्तीवरून बादल्या वाहत होती.

निकाल लागला. नियम रद्द, दीपाला पद परत आणि मॅडमनी तिच्या घरी जाऊन माफी मागायची. गेले. दीपाच लाजली. "जाऊ द्या न मॅडम, उद्या टाकी मीच भरीन," म्हणाली. मंगळवारी ती वर्गात दिसली आणि मला रडूच आलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आपलंच बरोबर असायला हवं, याचं केवढं ओझं मी वाहत होते.

सुरभी, आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या मोबाइलमधला, एका मुलाबरोबरचा तुझा फोटो मी न विचारता पाहिला. त्याच संध्याकाळी तुला हॉस्टेल सोडायला लावलं, मावशीकडे पाठवलं. तो मुलगा कोण, हे विचारलंच नाही. शिक्षा आधी दिली.

वॉर्डनबाईंशी बोलले. जानेवारीपासून खोली मिळते. जायचं की मावशीकडेच राहायचं, हे तू ठरव. बाबांनाही मी मध्ये बोलू देणार नाही. मी चुकले, बाळा. हे मला कोणत्याही कोर्टाने लिहायला सांगितलेलं नाही.

तू देशील तो निकाल मान्य असलेली,
तुझी आई