आबा, ऑपरेशनला होकार द्या

बंगळूर,
८ जानेवारी २००४

आदरणीय आबांना यशूचा सप्रेम जयभीम,

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. खोडदला थंडी फार आहे का? आईचा गुडघा कसा आहे?

काल आपल्या धाकट्या प्रबुद्धचा फोन आला होता. तुम्ही फोनवर आला नाहीत, म्हणून लिहितेय. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचा पाय काढायला सांगितलंय, पण तुम्ही म्हणता, "यशूचं औषध येऊ दे, तवर थांबू."

आबा, आमच्या लॅबमध्ये हाडाच्या कॅन्सरच्या पेशींना औषधासोबत उष्णता दिली की त्या जास्त मरतात, हे खरं आहे. पण त्या काचेच्या बशीतल्या पेशी आहेत. माणसाला ते लागू पडेल का, हे कळायलाच कितीतरी वर्षं जातील. प्रबुद्धची गाठ तोवर थांबायची नाही. तुमचा माझ्यावर विश्वास आहे, पण त्यापायी त्याचा जीव जायला नको.

फोन ठेवताना तो रडत म्हणाला, "ताई, आबा माझं ऐकत न्हाईत. पाय गेला तर जाऊ दे, मला जगायचंय."

मी पुढच्या रविवारी पुण्यात पोचते. तुम्ही सही करा, आबा. त्याला धरून चालवायला मी आहे.

तुमची लेक,
यशोधरा