कोनाकडे आले?

वर्धा, गुरुवार संध्याकाळ, जानेवारी २००१

पाठीवर सॅक घेऊन आम्ही दोघं हे शहर निवांत भटकतोय. पण जो तो विचारतो, "कोनाकडे आले?" कोणाकडेच नाही, लॉजवर उतरलोय म्हटलं की कीव केल्यासारखे बघतात. सुनील हसतो. मला का लागतं? घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून आम्हाला कोणाकडे जायची सोय राहिली नाही, म्हणून असेल.

रोज ज्यांच्याकडे तर्री-पोहे खातो, त्या टपरीवाल्या काकूंनीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. आज एका गिऱ्हाइकानं सॅककडे बघत विचारलं, "कोनाकडे आले पाव्हने?" मी काही बोलायच्या आत काकू तर्री वाढत म्हणाल्या, "माह्याकडे आले." मग माझ्याकडे वळून, "उद्या घरी जेवून जाजो, बाई."

उद्याची आमची गाडी सकाळची आहे. सुनील म्हणतो, संध्याकाळचीही असते.