खिंडीवरचा बाक

१४ सप्टेंबर
हा माळ मला पडला लोहाऱ्याचा एक प्लॉट, पुसदच्या कचेरीच्या अकरा चकरा आणि बायकोचा, शीलाचा, तीन आठवड्यांचा अबोला. स्वस्तच म्हणायचा. सात एकर गवत, पाय ठेवायला जागा नाही इतका तेरडा, आणि खाली दूर धरणाचं पाणी. लोक येतील, फोटो काढतील, पोरांवर खेकसतील, चहा पिऊन जातील. याला ते निसर्ग म्हणतात. म्हणोत बापडे, तिकीट माझं. माथ्यावर एक खोली आहे, तिथंच मुक्काम टाकला. ही वही शर्टाच्या खिशात असते. आज खालून माथ्यापर्यंत एका दमात चढलो, कुठंही टेकलो नाही. वय बावन्न. लोहाऱ्यात विशीत पोती वाहिली, ते पाय आहेत हे.

२ ऑक्टोबर
पाहुण्यांसाठी बाक बांधला, ऐन कड्यावर. खिंडीत दगडांचा ढीग उगाच पडला होता, चार ट्रॉल्या निघाल्या, सगळ्या बाकात गेल्या. खालच्या तांड्याचे जुने लोक बैलांवर मीठ लादून या खिंडीतून जायचे म्हणे. चढ संपला की प्रत्येकानं एक दगड ठेवायचा. तांड्यावरची सुखीबाई कमरेवर हात ठेवून सांगायला आली, की वामनसेठ, तो दगड नाही, थकवा आहे. माणूस आपला थकवा ठेवते अन् पुढं जाते, तुम्ही तो काहून उचलून राह्यले? मी म्हटलं, बाई, जगात एवढीच वस्तू फुकट मिळाली, तीही सोडू? ती हसली. जाताना बाकाला लांबून वळसा घालून गेली.

२१ डिसेंबर
गवत पिवळं पडलंय, कुसळं मोज्यांत शिरतात. यवतमाळची साहेब मंडळी येऊ लागली. आज सलील नावाचे एक बँकवाले ऑक्सिजनवर वीस मिनिटं बोलले, मग बाकावर टेकले ते चार तास. त्यांची बायको भैरवी दंड धरून ओढत होती, अहो उठा, लोक बघून राह्यले. शेवटी मी आणि माझ्याकडे कामाला असलेल्या तांड्यावरच्या संजयनं त्यांना उचलून गाडीत टाकलं. खुर्चीतले पाय, चार पावलांत म्हातारे होतात. गेल्या रविवारीही दोघे असेच.
एक मात्र आहे. सगळे सारखेच बसतात. कोपर गुडघ्यावर, मान खाली. माझे कान तिखट आहेत. बाकावर तीन माणसं होती, श्वास त्याहून जास्त होते. चढावरच्या बैलाचा असतो तसा जड, ओला.

२७ फेब्रुवारी
पळस फुललाय. बघायला कुणी नाही. बाकाची बातमी पसरली असावी. भित्री जमात.
हल्ली मीच बसतो तिथं. दहाला बसतो, उठतो तेव्हा उन्हं कलंडलेली असतात. बाकावर मी एकटा. श्वास पुष्कळ.

१९ मार्च
दोन दिवस यवतमाळला घरी जाऊन आलो. तिथल्या खुर्चीतूनही उठवेना. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले. शिकलेला गाढव. उतरलो तरी हे उतरत नाही.
संजय होळीला तांड्यावर गेला, परत आला नाही. सुखीबाई रस्त्यात भेटली. म्हणे, ज्यानं दगड उचलले त्यानंच आपल्या हातानं खिंडीत परत ठेवा लागते, सेठ. एकेक. मशीन चालत नाही, मजूर चालत नाही. चार ट्रॉल्या, एकेक.
मी हसलो. मग तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो.

६ एप्रिल
सकाळी जीप माथ्यावर आणली. आज मिताली येणार. पोरीला सातवा महिना आहे. मीच बोलावलं होतं, बाळाला चांगली हवा म्हणून. ती यायच्या आत बाक मोडायचा.
तीन दगड खिंडीत परत ठेवले. चौथा उचलताना बाकावर टेकलो, तो मांडीवर आहे. जीप एकोणीस पावलांवर. मोजलीत.
फोन जीपमध्ये वाजतोय. तिचाच. तिला सांगायला हवं, बसू नको — उभी राहा, खालीच राहा —

पुन्हा वाजला. बंद झाला.

खाली गाडीचं दार वाजलं. चपला. तिची चाल. चढावर दम लागतोय तिला, दर दहा पावलांवर थांबते. ओरडलो. नुसता श्वास निघाला, बाकीच्यांच्यासारखा —

दिसली. घामानं निथळतेय, एक हात कमरेवर. बाबा, केवढा हा चढ, म्हणते, जरा सरका ना. नको म्हणून हात हलवला. तिला वाटलं, जागा दाखवतोय —

टेकली. कोपर गुडघ्यावर.

मान खाली जातेय. दंड धरून ओढायला हवं, आत्ता, अजून वेळ — पण त्यासाठी आधी मला उठावं लागेल, आणि माझे पाय