सुंदरची बस आणि माझे पाच ‘का’

३ मार्च, सोमवार
ट्रेनिंग झकास झालं! नव्या पोरांना ‘पाच का’ शिकवले — प्लांटच्या लाइनवर काही बिघडलं की माणसावर ओरडायचं नाही, पाच वेळा ‘का’ विचारायचं, मूळ कारण आपोआप हाती लागतं. शेवटी पदरचंही थोडं घातलं : आयुष्यात चूक-बरोबर ठरवतानाही हेच करा, भावना गेटबाहेर ठेवून या. टाळ्या पडल्या.
घरमालकीण अन्नपूर्णाबाईंना मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. त्या त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, “सरी, सरी. कापी घेतां?” सरी म्हणजे बरं. या बाईंशी बुद्धीची चर्चा कॉफीच्या पुढे जातच नाही.

४ मार्च
आजही उठायला उशीर. धापा टाकत अण्णा नगरच्या स्टॉपवर पोचलो, तर कंपनीची बस उभीच! ड्रायव्हर सुंदर हसून म्हणाला, “वांगा सार.” म्हणजे ‘या साहेब’. गुणी माणूस. माझ्यासाठी रोजच थांबतो बिचारा.

६ मार्च, गुरुवार
सत्यानाश! हेड ऑफिसच्या लोकांसमोर आज माझं प्रेझेंटेशन होतं. वर्षभर वाट बघितली होती. प्लांटच्या वाटेवर, ओरगडमच्या अलीकडे एक बाई स्कूटरवरून पडली, डोकं फुटलं. सुंदरने सरळ बस वळवली आणि आम्हा सगळ्यांसकट तिला हॉस्पिटलात नेलं. प्लांटला पोचलो तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते. प्रेझेंटेशन दुसऱ्याच कोणीतरी उरकलं होतं — तेही माझ्याच स्लाइड वापरून!
मी अजिबात रागावलेलो नाही. घरी आल्यावर डबा जरा जोरात ठेवला गेला, एवढंच.

७ मार्च
बस उशिरा आल्याने लाइन थांबली, म्हणून सुंदरची चौकशी. समितीत एचआरची सौम्या, आणि मी. नाव मी स्वतःहून दिलं. असल्या कामाला थंड डोक्याचा माणूस लागतो.

१० मार्च, सोमवार
चौकशी झाली. सुंदरला विचारलं, बस वळवताना काय विचार केलास? “विचार कसला, सार. रक्त बघितलं, हात वळले.” घ्या! विचार न करता निर्णय घेतला — स्वतःच्या तोंडाने कबूल!
सौम्या म्हणते, “पण सर, बाई वाचली ना?” तिला समजावलं की तो नशिबाचा भाग झाला, इथे प्रश्न तत्त्वाचा आहे. मग ‘पाच का’ घेतले. लाइन का थांबली? बस उशिरा आली. का? सुंदरने वळवली. का? त्याला दया आली. तिथेच थांबलो. कारण सापडल्यावर उरलेले दोन कशाला उगाच!
सुंदरने हात जोडले. “सार, मुलीचं कॉलेज चालू आहे.” मला क्षणभर गलबलून आलं, पण सावरलो. सुंदर कामावरून कमी. शिवाय माझ्या सहीने नवी सूचना : यापुढे बस कोणासाठीही, कोणत्याही कारणाने थांबणार नाही. किती स्वच्छ वाक्य!

११ मार्च
अन्नपूर्णाबाईंना सगळं शांतपणे पटवायला गेलो. “अय्यो, पावम! बाईचा जीव राखला, तें तप्पु कसें?” पावम म्हणजे बिचारा, तप्पु म्हणजे चूक. बुद्धी वेगळी, दया वेगळी, वगैरे सांगत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “तुम्हांस फार कोप आला होता, नव्हे?”
कोप! मला! कॉफी न घेता वर आलो. तत्त्व म्हणून.

१७ मार्च, सोमवार
आजपासून नवा ड्रायव्हर. मला उठायला उशीर. स्टॉपवर पोचलो तेव्हा बस निघत होती. ओरडलो, पळालो, गटाराच्या झाकणाला ठेचकाळून आडवा झालो. कपाळातून रक्त. त्याने आरशात बघितलं — नक्की बघितलं! — आणि गेला. मागच्या खिडकीत सौम्या होती. तीही बघतच राहिली.
फुटपाथवर रुमाल दाबून बसलो आणि सवयीने सुरू केलं. बस का थांबली नाही? तशी सूचना आहे. सूचना का काढली?
मला राग आला होता.