गच्चीवरचं गाऱ्हाणं

नाचणे रोड, रत्नागिरी
वैशाख सरता सरता

तीर्थस्वरूप काशीकाकांच्या पायांवर अजिंक्यचं डोकं. (डोक्यावर तुमचा हात आहे असं धरून पुढचं लिहितो.)

इकडे मी, समीक्षा आणि सानवी खुशाल आहोत. तुमचा गुडघा, राजापूरच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल आणि ते तेल न लावण्याचा तुमचा निर्धार, तिघंही ठणठणीत असतील अशी आशा. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "बरा हाय, ठेव" म्हणता आणि मी ठेवायच्या आत स्वतःच ठेवता. पत्राला मात्र उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला अन्न गोड लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

शिमग्याला आम्ही तुम्हाला न्यायला आलो होतो. गोदाकाकी गेल्यापासून तुम्ही घरात एकटे. गाय शेजारच्या संदेशच्या गोठ्यात गेली, आंब्याची कलमं कराराने दिलीत, आणि गेल्या पावसात विहिरीच्या पायरीवर घसरलात ते दुपारी संदेश पाण्याला आला तेव्हा कळलं. आता पुन्हा पाऊस तोंडावर आला आहे. समीक्षाने तर तुमची पिशवीसुद्धा भरली होती. तुम्ही ती शांतपणे रिकामी केलीत आणि म्हणालात, "आरं, तितं येऊन सकाळी उटून मी करू काय? भितीकडं बगत बसू?" तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधतोय. आता सापडल्यासारखं वाटतंय. पण ते सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल, आणि ती ऐकायला तुमची ना नसणार.

झालं असं की आमच्या कचेरीत एक व्याख्याते आले. कर्मचारी वेळेवर यावेत म्हणून साहेबांनी त्यांना बोलावलं होतं (साहेबांची नजर पूर्ण वेळ माझ्यावर होती). व्याख्यात्यांचं म्हणणं, ज्याने सकाळ जिंकली त्याने दिवस जिंकला. कामावर जायच्या आधीचा वेळ आपला स्वतःचा, त्यात पहाटे उठावं, स्वस्थ बसावं, अंग हलवावं आणि आपल्याला काय हवं ते रोज मोठ्याने बोलून दाखवावं. मला हे फार पटलं. मला व्याख्यानं नेहमीच पटतात, म्हणून तर मी नोकरीत जिथे लागलो तिथेच आहे.

पहिली अडचण उठण्याची. गजर लावला की समीक्षा उठायची, सानवी उठायची, वरच्या मजल्यावरचं कुत्रं उठायचं, आणि ही सगळी मंडळी मिळून मला शिव्या देत असताना मी झोपलेला असायचो. तुमची पद्धत किती बरी होती! हाक नाही, रागावणं नाही. तुम्ही माझी गोधडी ओढायचात आणि काखेत मारून सरळ विहिरीकडे चालू लागायचात. गोधडी परत हवी तर तिच्यामागे जावंच लागे, आणि विहिरीपर्यंत गेलेला माणूस उठलेलाच असतो. मी समीक्षाला ही पद्धत समजावून सांगितली. तिने गोधडी ओढली, स्वतःवर घेतली आणि पुन्हा झोपली.

तरी उठलो. पहाटेच्या अंधारात गच्चीवर जाऊन डोळे मिटून बसलो. आता आमच्याकडे नळाला पाणी पहाटेच येतं, आणि टाकी भरली की पंप बंद करायचं काम या महिन्यात आमच्या घराकडे होतं, ही गोष्ट स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मनात येत नाही. आली तर तो स्वस्थ कसला? टाकीतून पाणी वाहतंय ते मी ऐकत होतो. मला वाटलं मन शांत झालं की असा झऱ्याचा आवाज येत असावा. गच्चीत खालच्या गंगाराम भाऊंनी (एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त, गाव तुमच्याच बाजूचं) वर्षाची आमसुलं वाळत घातली होती. ती सगळी पाण्याबरोबर निघाली आणि नुकत्याच रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवरून लाल ओघळ थेट तळमजल्यापर्यंत गेले. तळमजल्यावरच्या सोनूबाईंनी दार उघडलं, ते बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की व्याख्यात्यांचा उपदेश त्या दिवशी अख्ख्या इमारतीने पाळला. सगळे पहाटे उठले.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मोठ्याने बोलून दाखवायचं राहिलं होतं ना! दुसऱ्या दिवशी कठड्याशी उभा राहिलो खरा. आपणच आपल्याला "अजिंक्य, तू वेळेवर पोचशील" असं सांगायची लाज वाटायला लागली. आपल्याकडच्या माणसाला मागायचं तर देवाकडे मागायची सवय, आणि मागायची रीत मला एकच ठाऊक, तुम्ही गावासाठी गाऱ्हाणं घालताना देवळात तुमच्या शेजारी उभं राहून ऐकलेली. मी हात जोडले आणि तुमच्या चालीवर सुरू झालो, "बा देवा म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू रत्नागिरीच्या गच्चीव हुबा हाय. त्येला टायमावर हापिसात पोचव, त्येचा वाढलेला प्वाट आत घे, त्यो आजपासून तळल्याली मासळी त्वांडाक लावनार न्हाय, त्येका तशी बुद्दी दे रं म्हाराजा!"

आणि खालच्या गॅलरीतून, दात घासता घासता, गंगाराम भाऊंचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

त्यांचा काही दोष नाही. जन्मभर ज्याने गाऱ्हाण्याला साथ दिली त्याच्या तोंडून ते आपसूक निघतं. पण पाठोपाठ सोनूबाईही म्हणाल्या, त्यांच्या दारातला दूधवालाही म्हणाला, आणि फाटकाशी टोपली उतरवत असलेली सगुणा मासेवाली तर सर्वांहून मोठ्याने म्हणाली. तुमचा कायदा मला पाठ आहे. गाऱ्हाण्याला चार माणसांचं "व्हय म्हाराजा" पडलं की शब्द देवाच्या पदरात गेला, तो माघारी मागणारा चोर. मी हा कायदा विसरलो असतो, पण सगुणा विसरली नाही. त्याच सकाळी समीक्षा बांगडे घ्यायला खाली गेली तर तिने टोपलीवर फडकं ओढलं. "तुज्या घोवान देवाजवल शबूद दिलाय. तलायला मी न्हाय देनार. कालवनाला व्हया तर ने दोन." तेव्हापासून आमच्या घरात तव्यावर बांगडा पडलेला नाही. समीक्षा माझ्याशी फक्त सानवीच्या अभ्यासाबद्दल बोलते.

पुढे तर गंमतच झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी गच्चीवर गेलो नाही, तर गंगाराम भाऊ दार वाजवायला हजर. "आज गाऱ्हानं न्हाय? मी चा घेतलेला न्हाय अजून." मग आपलंही सांगा म्हणून लोक यायला लागले. भाऊंचा गुडघा, सोनूबाईंच्या जावयाची मुंबईतली नोकरी, सानवीचं गणित. मी धांदलीत जावयाचा गुडघा बरा कर आणि गंगाराम भाऊंना नोकरी लाव असं मागून मोकळा झालो. भाऊ दोन दिवस घाबरलेले होते. शिवाय सगळ्यांचं मागून, मग खाली चहा पिऊन, मग कोणाचं काय राहिलं ते ऐकून मी कचेरीत पूर्वीपेक्षा उशिरा पोचतो. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सकाळचं नियोजन करतोय.

तर काका, मुद्दा असा. या इमारतीला रोज सकाळी एक जाणता माणूस लागतो. कोणाचं काय मागायचं ते ध्यानात ठेवणारा, शब्द न चुकवणारा, ज्याच्या आवाजाने भाऊंचा चहा गोड लागेल असा. मला हे जमत नाही. तुम्ही विचारलं होतंत, सकाळी उठून करू काय? हे करायचं. भिंतीकडे बघायला वेळ मिळणार नाही, आणि भिंत सध्या बघण्यासारखी राहिलेलीही नाही. गावच्या देवाचं शिमग्याचं गाऱ्हाणं तुमचंच, त्यासाठी तुम्हाला मी स्वतः गावी घेऊन जाईन.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, संदेशच्या पोरांना गोड पापे, गाईच्या पाठीवरून एक हात फिरवावा.

तुमचाच,
अजिंक्य

ता. क. समीक्षा म्हणते, खरं कारण लिहा. लिहितो. सगुणाचा निकाल असा आहे की घरात गावाहून वडील माणूस आला तर त्याच्यासाठी तळलेलं चालेल, आणि त्याच्या ताटातलं उरलं तर ते उष्टं म्हणून मलाही चालेल. आता थोड्याच दिवसांत पावसामुळे मासेमारीच्या बोटी बंद होतील. जरा लवकर मनावर घ्यावं.

पुन्हा ता. क. वरचं समीक्षाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेही खरं कारण नाही. बरोबर आहे तिचं. काका, मला हल्ली गजर लागत नाही. पहाटे आपोआप जाग येते आणि पहिला विचार येतो, काका उठले असतील ना? पायरी ओली असेल, हाताशी काठी असेल ना? मग गावाकडून काही फोन आला नाही हे बघितलं की मी गच्चीवर जातो. इमारतीचं तुमच्यावाचून अडेल न अडेल, माझं अडतं. मला तुमची फार काळजी वाटते आणि फार आठवण येते.

आणखी एकच. काल सकाळी मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आमचा काशीकाका एकटा हाय, त्येका पावसाच्या आदी आमच्या घरात आनून बसीव रं म्हाराजा!" गंगाराम भाऊ म्हणाले, सोनूबाई म्हणाल्या, सगुणा टोपली डोक्यावर ठेवून म्हणाली, समीक्षा म्हणाली आणि सानवी तर दोनदा म्हणाली. पाच माणसं झाली, काका. तुमचा कायदा चारांचा आहे. शनिवारी पहिल्या गाडीने निघतोय. तुम्ही अजून झोपलेले असाल तर हाक मारणार नाही, रागावणार नाही. गोधडी ओढेन, काखेत मारेन आणि सरळ एसटी स्टँडकडे चालू लागेन.