चित्रात माणूस आहे का?

४ तारीख, सोमवार
आले एकदाची! ताईने माझ्यासाठी वरची खोली झाडूनपुसून ठेवली होती, टेबल खिडकीशी लावलं होतं. भाऊजींनी बॅग उचलली आणि यात विटा भरल्यात का म्हणून विचारलं. ताई त्यांच्यावरच खेकसली. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच पोट धरून हसले. नवं कामही मिळालंय, नेटवरचं, बारीकसारीक. चित्र येतं, खाली प्रश्न: चित्रात माणूस आहे का? होय किंवा नाही दाबलं की पुढचं. रिकामे जिने, रिकामे वर्ग, रिकाम्या खुर्च्या. एवढ्याशा कामाला माणूस लागतो, याचीच गंमत वाटते.

६, बुधवार
नियम वाचले. एका माणसाचं एकच खातं. उत्तर स्वतः पाहून द्यायचं, आपोआप उत्तरं देणारी स्क्रिप्ट लावायची नाही. प्रत्येक चित्र दोघांना दाखवतात आणि दोघांची उत्तरं जुळली की तेच खरं धरतात. नियम काय, सगळीकडेच असतात. ताईच्या नावाने दुसरं खातं उघडलं. ती म्हणाली, उघड बाई, पण मला त्यातलं काही विचारू नकोस.

८, शुक्रवार
शंभरातल्या पंच्याण्णव चित्रांत कोणी नसतंच. मग डोळे कशाला फोडून घ्यायचे? एक छोटीशी स्क्रिप्ट लावली. दोन्ही खाती आपोआप कामं उचलतात आणि ‘नाही’ दाबतात. मी दुपारभर ताईबरोबर शेंगा सोलत बसले. तिच्या मते आळशी माणसाला अक्कल जरा जास्तच असते.

११, सोमवार
सहज म्हणून पाठवून झालेली चित्रं चाळली. एकात आमचं स्वयंपाकघर. कोपरा फुटलेला तोच ओटा, आणि ओट्याशी पाठमोरी ताई. दोन्ही खात्यांचं उत्तर: नाही. हे काढलं कोणी? ताईला विचारायला खाली धावले. ती घरात नव्हती. बाजारात गेली असेल.

१२
ताई आली नाही. भाऊजी एकट्यापुरता स्वयंपाक करत होते. विचारलं तर म्हणाले, कोण ताई? माझं लग्नच झालेलं नाही. मला अहो-जाहो करत होते, वरच्या भाडेकरूशी बोलावं तसं. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत ते एकटेच उभे आहेत. मी ओरडले, रडले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि तब्येत बरी नाही का, असं विचारलं.

१३
कंपनीला लिहिलं. हातापाया पडून लिहिलं. उत्तर आलं: दोन व्यक्तींची उत्तरं जुळली आहेत, आता बदल होणार नाही. अहो, दोन्ही मीच! तेही कबूल केलं. पुन्हा तेच उत्तर. माझ्या हाताने माझी बहीण —

१४
स्क्रिप्ट पुसून टाकली. तरी उत्तरं जाताहेत.
नवं चित्र. वरची खोली, खिडकीशी टेबल, पाठमोरी मी.
माझ्या खात्यावरून गेलंसुद्धा: नाही.
ताईच्या खात्यावर अजून उघडं आहे. दोनच मिनिटं उरलीत. होय दाबतेय — बटण लागत नाही —
भाऊजी दारात आले. खोलीभर पाहिलं. माझ्याकडेही. कोणी नसताना पंखा कशाला, असं पुटपुटत तो बंद केला. हाक मारली, वळले नाहीत. बाहेरून कडी —
ताई, खातं तुझं आहे, तू तरी होय दाब गं — एकदाच — मी आहे ना, मी इथे बसल